एक पळी तेल : कादंबरीच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४

तीन महिन्यांत ६२ पानं झाली आणि त्या ६२ पानांत कोणी काहीही केलेलं नाही. सूर्य उगवतो, डोंगरावर धुकं असतं, देवळात घंटा वाजते, बायका पाणी भरतात, सूर्य मावळतो. म्हणून आजपासून ही वही वेगळी. जमेल त्या रविवारी काय लिहिलं, काय खोडलं आणि का खोडलं, एवढंच इथे मांडायचं.

मूळ कुठून आलं ते आधी टिपून ठेवते. चाळीसगावजवळच्या पाटण गावचा शिलालेख, शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, याने त्याला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे : राजांच्या वंशावळी, पंडितांच्या वंशावळी. शेवटच्या थोड्या ओळी मात्र मराठीत. मला वाटतं, तिथे देण्याघेण्याचा विषय सुरू होतो आणि ज्यांनी द्यायचं त्यांना ते कळायला हवं, म्हणून. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावरचा वाटा मठाला. आणि जितके घाणे वाहतात तितक्यांमागे पळी पळी तेल.

राजांची नावं मला दर वेळी उघडून बघावी लागतात. ती पळी गेली सहा वर्षं डोक्यात आहे. कोणीतरी रोज किंवा दर पंधरवड्याला ती भरली असेल. भरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली असेल. माझ्या कादंबरीतली देमाई तीच.

२३ जून

पाच वाचकांची टोळी जमवली. मोठ्या जाऊबाई, शेजारचे काका (एसटीत कंडक्टर होते), कॉलेजात शिकणारी भाची, बँकेतली मैत्रीण, आणि शाळेतले माझे इतिहासाचे सर. पहिलं प्रकरण सगळ्यांना दिलं होतं.

मैत्रीण म्हणाली, "छान आहे." पुढे काही बोललीच नाही, तेव्हाच समजले. सरांनी तीन चुका काढल्या, तिन्ही खऱ्या. भाची म्हणाली, "मावशी, यात प्रत्येक गोष्ट समजावून का सांगतेस? ती पायली मोजते, की लगेच पायली म्हणजे काय ते. तिला माहीत असेल ना पायली म्हणजे काय?" काकांनी प्रकरण अर्ध्यात सोडलं होतं, पण तसं म्हणवेना. "ताई, राजा कधी येतो?" एवढंच विचारलं.

राजा येणार नाही असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला.

भाचीचं म्हणणं लागलं, कारण खरं आहे. पुस्तकं वाचून गोळा केलेलं सगळं मी देमाईच्या तोंडून बाहेर काढत होते. घाण्याजवळ बसलेली बाई घाण्याचे भाग मोजत बसत नाही. घाण्यात फिरणारं लाकूड, म्हणजे लाट, तिला दिसते ती कुरकुरायला लागली की.

६२ पानांतली ११ ठेवली.

३० जून

आजचा दिवस खोडण्यात गेला आणि त्यात मजाही आली. पहिल्याच जेवणात देमाईला भाकरी आणि ठेचा वाढला होता. ठेचा! मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे देमाईच्या तीनशे वर्षांनंतर. सरांच्या तीन चुकांतली ही एक. मग मी एकेक पान घेऊन चाळणी लावली. बटाटा गेला, टोमॅटो गेला, पेरू आणि पपई गेली. शेंगदाणाही गेला, आणि हा मोठा फटका, कारण तेलाच्या कादंबरीत मी बिनधास्त भुईमूग पेरला होता. आता तीळ, करडई, जवस, कारळा आणि दिव्यांसाठी एरंड.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. हे वाचल्यावर मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. झेंडूशिवाय दसरा मला डोळ्यांसमोर आणता येईना.

पण या काढाकाढीतून एक मिळालं. तिखट नसलेल्या जेवणात झणका कशाचा, हा प्रश्न पडला. मिरी दक्षिणेतून यायची, घाण्यावरच्या घरात ती रोज कुठली. मग लसूण, आलं, मोहरी, चिंच. भाकरीवर कच्चं तिळाचं तेल, मीठ, ठेचलेला लसूण. करून खाल्लं. नाकात जाते ती मोहरी वाटून घातली की डोळ्यांतून पाणी येतं, मिरचीची आठवण होत नाही. ते जेवण प्रकरणात दोन ओळींत आलंय आणि मिरची नव्हती हे कुठेही सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला काहीतरी वेगळं लागलं तर लागू दे.

१४ जुलै

पाटणादेवीला जाऊन आले. चाळीसगावहून रस्ता डोंगराच्या पायथ्याशी जातो आणि पुढे गौताळ्याचं अभयारण्य सुरू होतं. पावसाने सगळं हिरवं, ओढे भरलेले, देवळात गर्दी.

डोळ्यांनी बघितलं ते सगळं लिहायचं नाही, हा धडा इथे पुन्हा मिळाला. वाटेवरचा गुलमोहर मादागास्करचा. जिथे तिथे माजलेली घाणेरी अमेरिकेची. साग, पळस, मोह, सलई, अंजन, खैर हे आपले, यांना धरून राहायचं.

जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत. खाली उतरताना वाटलं, देमाईच्या काळातसुद्धा ही लेणी सुमारे तेराशे वर्षांची जुनी होती. तिच्यासाठीही हे कोणा एका जुन्या काळाचं पडकं, ओस, वटवाघळांचं घर. तिनेही पोराला सांगितलं असेल की हे राक्षसांनी एका रात्रीत कोरलं. आतापर्यंत मी देमाईला 'जुन्या काळातली बाई' म्हणून बघत होते. ती स्वतः तर आजच्या दिवसात उभी होती आणि जुना काळ तिच्या मागे होता. भांडी जुनी वाटतील अशी रंगवणं बंद. तिच्या घरात काही नवं कोरं असलं पाहिजे. नवी पळी?

परतताना पावसात बस दीड तास उशिरा. भिजलेली वही अजून वाळते आहे.

२८ जुलै

आज मोह झाला, त्याची नोंद हवी.

मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवतात. 'लीलावती' त्यातलीच, गणिताची. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी मुहूर्त मोजायच्या घटिकापात्रात मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फार्सी भाषांतरातून आपल्याकडे पसरली. मग मनात आलंच : देमाईने चोरून गणित शिकावं. खिडकीतून ऐकावं. शेवटी पंडितांना न सुटलेलं कोडं तिने सोडवावं. मैत्रिणीला सांगितलं तर ती उडालीच, "हे हिट आहे!"

दोन प्रकरणं लिहूनही झाली. वाचून बघितली तर त्यात आजचीच एक मुलगी होती, अंगावर जुने कपडे चढवलेली. तिला काय वाटायला हवं हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. शिवाय एक अपमान त्यात लपलेला : तिचं स्वतःचं गणित जणू गणितच नाही, ग्रंथातलं आलं की मगच ती शहाणी.

आणि तिचं गणित तर केवढं होतं! भास्कराचार्यांनीच 'लीलावती'च्या सुरुवातीला दिलंय : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १,२८० कवड्या. द्रम्म हाच पुढे आपला 'दाम' झाला, आणि 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द आपण अजून फुकट वापरतो. हाटात तेल विकणारी बाई दिवसभर हेच करते, बोटांवर, पाटी न घेता, वर गिऱ्हाइकाशी भांडत.

काकांना हे वाचून दाखवलं. तीस वर्षं गळ्यात चामडी पिशवी अडकवलेला माणूस. खूश झाले. "म्हणजे सुट्ट्यांचा वांधा तेव्हापासूनच आहे म्हणा की!" राजाबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ती दोन प्रकरणं बाद. सुमारे ४,००० शब्द.

११ ऑगस्ट

नाशिकपासून तासाभरावरच्या एका गावात बैलाचा लाकडी घाणा बघायला गेले. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची हौस आली आहे, पण बहुतेक ठिकाणी लाट मोटर फिरवते. इथे खरा बैल होता, डोळ्यांवर झापडं. भिंतीवर संताजी जगनाडे महाराजांची तसबीर, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे ते संताजी तेली. उदबत्ती लावलेली.

घाणेवाल्या आजोबांकडून मिळालेलं, जसं बोलले तसं :

तीळ घातल्यावर थोडं पाणी शिंपडावं लागतं. कमी पडलं तर तेल सुटत नाही. जास्त झालं तर पेंड न् तेल एकजीव होऊन बसतात, मग बसा कपाळाला हात लावून. दहा किलो तिळाला चार किलोच्या आसपास तेल. एक घाणा उतरायला दोन तास धरा. तेल सुटलं की लाटेचा आवाज बदलतो, बघायला लागत नाही. बैल थांबला तरी आवाजावरूनच कळतं, म्हणून मी आत जेवत असलो तरी कान इकडे.

"कान इकडे" हे दोन शब्द म्हणजे आख्खं प्रकरण आहे. देमाई पोराला गोष्ट सांगते, भाकरी थापते, नवऱ्याशी वाद घालते, आणि या सगळ्याच्या खाली तो आवाज चाललेला असतो. तो थांबला की वाक्य अर्ध्यात तुटतं. मी संवाद तसे पुन्हा लिहायला घेतले आहेत. कुठेही 'घाण्याचा आवाज येत होता' असं लिहायचं नाही. नुसती वाक्यं तुटतील.

आजोबांना विचारून दांडी स्वतः ढकलून बघितली, रिकाम्या घाण्याला नव्हे, भरलेल्या. सात फेरे झाले आणि दम संपला. "दिवसाला किती फेरे?" विचारलं तर हसले. म्हणाले, "त्याला विचारा," आणि बैलाकडे बोट दाखवलं.

२ सप्टेंबर, पोळा

ज्या बैलाला मी ढकलून हरवू शकले नाही त्याची आज पूजा असेल.

जाऊबाई आल्या होत्या. पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "अगं, तिचा बैलच मेला तर?"

मी म्हटलं, "मेला तर घाणा बंद."

"मग ते मठाचं तेल?"

पुरणयंत्र थांबवून मी आतून पुस्तक आणलं. शं. गो. तुळपुळे यांनी संपादित केलेल्या कोरीव लेखांच्या संग्रहात ती ओळ आहे. घाणे 'वाहति', त्या प्रत्येकामागे पळी. घाणे आहेत असं नव्हे, वाहतात. चालू घाण्यालाच देणं. बंद पडला तर पळी माफ, निदान देमाईला तरी असंच वाटणार. मग बैल मेल्यावर ती आणि तिचा थोरला मुलगा मिळून स्वतः दांडी ओढतात, अर्धाच घाणा घालून, पोटापुरतं तेल काढायला. दाराशी मठाचा माणूस येतो. त्याला लाटेचा आवाज ऐकू येतो.

बैलावाचून चालणारा घाणा वाहता म्हणायचा का?

सहा महिने मी कथा शोधत होते आणि ती एका क्रियापदात बसून होती. जाऊबाईंना मिठीच मारली, हात पुरणाचे होते. त्यांना काही कळलं नाही. "एवढं काय त्यात? आमच्या वेळी मोटर जळली तरी पाणीपट्टी यायचीच की."

१५ सप्टेंबर

भाषा. हे टाळत आले होते.

देवगिरीवर अल्लाउद्दीनची स्वारी १२९६ची. फार्सी-अरबी शब्द मराठीत मुरले ते त्यानंतर. देमाईच्या तोंडी ते नकोत, एवढं तत्त्व सोपं वाटलं होतं. मग लाल पेन घेऊन बसले आणि घाम फुटला. बाजार, दुकान, रस्ता, किंमत, खर्च, बाकी, गरीब, मालक, मदत, गरज, हवा, आवाज, जनावर, कागद, हजार, खूप, फक्त, तयार, बरोबर. 'शिवाय'सुद्धा. आणि ज्या शब्दावर ही कादंबरी उभी आहे तो 'हिशेब' अरबी.

भिंतीवर तक्ता लावलाय : हिशेब नाही, लेखा. बाजार नाही, हाट. रस्ता नाही, वाट. किंमत नाही, मोल. खर्च नाही, वेच. मालक नाही, धनी. हवा नाही, वारा. जनावर नाही, गुरू, म्हणजे एकवचनी गुरं (इथे वाचक फसेल, बैलच म्हणावं). 'आवाज'ला साद, नाद, कुरकुर, कण्हणं असं प्रसंग बघून. खरं तर प्रत्येक जागी नेमका शब्द शोधावा लागला, म्हणून वाक्य सुधारलं.

भाषाशुद्धीचा मला सोस नाही. निवेदन माझं आहे, आजचं आहे, त्यात हवा तितका हिशेब येईल. बंधन फक्त संवादांना.

दुसरं टोकही करून बघितलं. 'लीळाचरित्रा'च्या वळणाने लिहिलं : "माए, बैलु मेला : आतां घाणा कवणें परी वाहावा?" भाचीने मोठ्यांदा वाचलं आणि हसत सुटली, नाटकातल्यासारखं वाटतं म्हणे. मग तिनेच सुचवलेलं : "आई, बैल गेला, आता प्रॉब्लेम आहे." यावर मी हसले.

ठरलं ते असं : "माये, बैल गेला. घाणा आता कोणी ओढायचा?" शब्द जुन्यात आणि नव्यात दोन्हीकडे चालणारे, वाक्य छोटं. जुनेपणाला एक 'माये' पुरते.

६ ऑक्टोबर

सर आग्रह धरून आहेत की कुठेतरी ज्ञानेश्वर यावेत, निदान नामदेव. शके ११२८ला त्यांपैकी कोणीही जन्मलेलं नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. "मग काळ ऐंशी-नव्वद वर्षं पुढे घ्या." नको. मोठं माणूस पानावर आलं की वाचक देमाईकडे पाठ करून त्याच्याकडे बघणार. काकांनीही बघितलं असतं.

'लीळाचरित्रा'तून एकच गोष्ट उचलली आहे, आणि तीही संताची नव्हे. तेराव्या शतकातल्या त्या ग्रंथात साळईचं घर मेणाचं आणि कावळ्याचं घर शेणाचं, पावसात कावळ्याचं वाहून गेलं, ही गोष्ट आहे. म्हणजे चक्रधरस्वामींनी सांगितली तेव्हाच ती लोकांच्या तोंडी जुनी असणार. देमाई ती धाकट्याला सांगते. चिऊ नाही, साळई. 'थांब माझ्या बाळाला' मी मुद्दाम घातलं नाही. वाचणाऱ्याच्या मनात ते आपोआप उमटतं आणि तेवढ्यात घाणा थांबतो.

३ नोव्हेंबर

दिवाळीतला प्रयोग. घरातली पळी मोजली, ३० मिलीलीटर. तेवढं तिळाचं तेल एका पणतीत, एक वात, खोलीतले दिवे बंद. साडेचार तास चालली. वाचायचं तर पुस्तक ज्योतीच्या इतकं जवळ धरावं लागलं की कोपरा जरासा करपला. (नवऱ्याचं पुस्तक. अजून सांगितलेलं नाही.)

तर एक पळी म्हणजे एका विद्यार्थ्याची एक रात्र. हे वाक्य प्रकरणात घालावंसं वाटलं, घातलं, आणि दुसऱ्या दिवशी काढलं. ते माझं वाक्य आहे. देमाईच्या लेखी एक पळी म्हणजे काय ते शोधायला हवं.

अंधाराचं मात्र लिहिलं. दिवा सरकवला की माणसाचा अर्धा चेहरा जातो. खोलीचे कोपरे रात्री नसतातच. तेलाच्या घरात दिवा मोठा असेल असं आपल्याला वाटतं; तिथेच तो सगळ्यांत बारीक असणार, कारण जळतो तो माल.

२४ नोव्हेंबर

पायरीचं प्रकरण. पाचव्यांदा लिहिलं.

देमाई मठाशी पळी कमी करून मागायला जाते. आत जाऊ शकत नाही. हे लिहिताना दोन सोप्या वाटा दिसत होत्या. एक, पंडित दुष्ट, ती पायरी ओलांडते, टाळ्या. दुसरी, पंडित दयाळू, काळच चांगला होता, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. पहिलीने वाचक सुखावतो, दुसरीने दुसऱ्या प्रकारचा वाचक सुखावतो. भाची पहिलीच्या बाजूने, सर दबक्या आवाजात दुसरीच्या.

पायरीवर ती उभी राहते. कोणी तिला हाकलत नाही, कोणी आत बोलावत नाही. इतकं मुरलेलं आहे ते, की कोणाला काही बोलावंच लागत नाही. आत तिचंच तेल जळतंय. एक पोरगा धूळपाटीवर बोटाने आकडे काढतो, काहीतरी चुकतं, हाताने पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा पुसतो. देमाई बघत राहते. तिच्या मनात ज्ञान, अन्याय, यातलं काही येत नाही. तिला एवढंच दिसतं की एवढं तेल जाळून लिहिलं आणि पुसून टाकलं.

घरी येऊन ती नवऱ्याला हेच सांगते आणि दोघं हसतात. हसता हसता तिचा आवाज चढतो. तिथे प्रकरण तोडलं.

हे बसलं असं वाटतंय. आज आणखी काही नाही.

१५ डिसेंबर

टोळीसमोर नऊ प्रकरणं. या वेळी शेवटपर्यंत पाचही जणांनी वाचली होती.

वाद झाला, आणि तो माझ्याशी नव्हे, आपापसांत. घाणा वाहता धरायचा की नाही? बँकेतली मैत्रीण मठाच्या बाजूने : नियम 'बैलाचा घाणा' असं म्हणत नाही, घाणा म्हणतो, तेल निघालं ना, मग द्या. काका लालेलाल. "अहो, बाई स्वतःला जुंपून घेतेय!" तिकीट नसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी कितीदा कसं सोडलं याची एक लांबलचक गोष्ट झाली. सरांनी ब्रह्मोत्तर, राजभाग वगैरे काढलं, कोणी ऐकलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "द्यायचं, पण पळी आपली वापरायची."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मठाचा माणूस स्वतःची पळी घेऊन येणार, मोठी. हिने आपली पुढे करायची. घाण्यावरची."

त्या आयुष्यभर दुधाचा रतीब घालत होत्या, हे मी विसरलेच होते.

आठशे वर्षांपूर्वीच्या तेलावरून माझ्या दिवाणखान्यात तासभर आवाज चढले होते. चहा गार झाला. मी एका कोपऱ्यात बसून भराभरा लिहून घेत होते. मठ म्हणजे काय, द्रम्म म्हणजे काय, कोणीच विचारलं नाही. भाचीने एकदाच विचारलं : "तो थोरला मुलगा पुढे जगतो ना?"

नववं प्रकरण बदलायला घेतलं. दोन पळ्या.

५ जानेवारी २०२५

प्रकाशकांना पहिली सहा प्रकरणं पाठवली होती. आवडली. मुखपृष्ठाची कल्पना त्यांनी सोबत पाठवली आहे : मागे देवगिरीचा किल्ला, वर तांबडं आभाळ, पुढे घोडेस्वाराची सावली. आख्ख्या कादंबरीत घोडा एकदाही येत नाही. म्हटलं, किल्ला नको. ते म्हणाले, किल्ला नसेल तर ऐतिहासिक आहे हे कळणार कसं? त्यांचाही धंदा आहे, मुद्दा अगदीच चूक नाही. मी पळीचा फोटो काढून पाठवते म्हटलं.

"पळी?" फोनवर बराच वेळ शांतता.

जुन्या बाजारात एक पितळी मिळाली, लांब दांड्याची, तळाला चेपलेली. अडीचशे रुपये, घासाघीस करून. तळ चेपलेला, म्हणजे माप कमी. देमाईची हीच.

१४ जानेवारी, संक्रांत

नवव्या प्रकरणाचा शेवट अडला होता. पळी तिची, माप तिचं, हे मठाच्या माणसाने कुरकुरत मान्य केलं. मग त्याच्या हाती काय उरतं? तो म्हणतो, ठीक आहे, पण शेवटच्या थेंबापर्यंत ओत. आणि पळी उलटी धरायला लावतो. ती धरते. आता दोघंही त्या पळीकडे बघत उभे आहेत. किती वेळ?

तिळगूळ वाटून झाल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले. पितळी पळी, तिळाचं तेल, बाहेर थंडी. घड्याळ लावलं. धार तुटायला चार सेकंद. मग थेंब, आधी भराभर, मग एकेक. थेंबाच्या टोकाशी तेल जमतं, लांबतं, पडत नाही. शेवटचा पडला असं वाटून पळी सरळ करणार, तेवढ्यात आणखी एक. २४व्या सेकंदापर्यंत वाट बघितली, कारण २४ सेकंद म्हणजे जुन्या मापाने एक पळ. अशा ६० पळांची घटिका. मठात काळ असाच मोजत असणार.

२४ सेकंद उलटी पळी धरून उभं राहून बघा. हात थरथरायला लागतो. समोरच्या माणसाकडे बघावं की पळीकडे, ते कळत नाही.

चार वेळा केलं. चौथ्या वेळी नवरा पाणी प्यायला आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "अजून एक लोंबतोय."

ते वाक्य धाकट्याला दिलं. प्रकरण संपलं, रात्री पावणेबारा, १,३१० शब्द. ओट्यावरचं तेल पुसायचं राहिलंय.